बुंदीचं बाळंतपण

बुंदी इंदूच्या कॉटखाली शिरली आणि तिथली सतरंजी पुढच्या पायांनी खरडायला लागली, तेव्हा मी इंदूला पेज भरवत होतो. भरवत होतो म्हणजे काय, तर डाव्या हातानं तिचे दोन्ही गाल दाबून तोंड उघडायचं, चमचा आत सरकवायचा आणि घोट खाली उतरेपर्यंत हनुवटी वर धरून ठेवायची. संक्रांतीपासून आमचं असंच चाललं होतं. निम्मी पेज गळ्यावरून ओघळायची, ती मी फडक्यानं टिपून घ्यायचो.

"झालं, झालं. एवढा एकच," मी म्हणत होतो.

इंदूनं डोळे गच्च मिटून घेतले होते. खालून खरडण्याचा आवाज आला तसे ते उघडले. तिनं मान वळवली, चमचा गालावर सांडला.

"वेळ," ती म्हणाली. "तिची... वेळ आली."

नोकरीत होती तोवर इंदू आमच्या भागातल्या उपकेंद्रात नर्स होती. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर चालत जाऊन तिनं इतकी बाळंतपणं केली होती, की बाजारात कुणी ना कुणी तरी एखादं मिसरूड फुटलेलं पोरगं पुढं ढकलून म्हणायचं, "बाई, हा तुमच्या हातचा." मी धरणावर दरवाज्यांचा ऑपरेटर. दोघंही निवृत्त झालो, पण धरणाच्या वसाहतीतली खोली सोडली नाही. निम्म्या खोल्यांना कुलपं लागलेली, उरलेल्यांत आमच्यासारखीच माणसं, आणि आम्हाला उठवायला कुणी आलंही नाही.

दिवाळीनंतर इंदूला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द विहिरीतून घागर ओढावी तसा वर यायचा. सुरुवातीला ती खात होती, डावा हात हलवून हौसाबाईला कामं सांगत होती. मग हळूहळू तिनं खाणंच सोडलं. ओठ मिटून पडून राहायची. आमची मुलगी शैला कोल्हापूरला असते. तिनं तिथल्या डॉक्टरांशी बोलून सगळं ठरवलं. पोटाला भोक पाडून नळी बसवायची, नळीतून पातळ अन्न सोडायचं, म्हणजे तोंडाचा प्रश्नच राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून ॲम्ब्युलन्स येणार होती. मी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. इंदूला सांगितलं होतं. ती काही बोलली नव्हती.

त्या दिवशी खालच्या गावात म्हाई होती. आमच्याकडं देवीच्या जत्रेला म्हाई म्हणतात. घरोघरी मटण शिजतं आणि पाहुण्यांनी गाव फुगतं. वसाहतीतली होती नव्हती ती माणसंही खाली गेलेली. हौसाबाई रोज सकाळी येऊन इंदूला आंघोळ घालायची, तीसुद्धा घाईघाईनं आवरून निघाली होती.

"सांजच्याला रस्सा घिऊन येतो वो तुमास्नी," जाताना म्हणाली. "बाईस्नी दोन चमचं पाजा."

तर अशी दुपार. घरात मी, इंदू आणि कॉटखाली बुंदी.

ही कुत्री आमच्या दारात आली ती इंदू हिंडती-फिरती असताना. पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून इंदूनं ते नाव ठेवलं. इंदू अंथरुणाला खिळली तशी ही कॉटखाली मुक्कामालाच राहिली. वय काही फार नव्हतं. ही तिची पहिलीच वेळ.

"हिला मागच्या पडवीत नेतो," मी म्हणालो. "पोतं अंथरलंय तिथं. इथं घाण होईल, वास येईल तुला."

"नको."

"अगं, उद्या सकाळी निघायचंय. परत सगळं धूत बसू?"

"इथं." तिनं डाव्या हातानं कॉटची कड थोपटली. "मला... दिसंल असं."

झटक्यानंतर तिच्या बोलण्यात माहेरची भाषा परत आली होती. नोकरीतली नर्सबाईंची शुद्ध भाषा जाऊन लहानपणची वर आलेली. मी पोतं आणून कॉटच्या कडेला टाकलं, त्यावर तिचीच दोन जुनी लुगडी घातली. बुंदी आपण होऊन बाहेर आली, गोल गोल फिरली आणि धापा टाकत आडवी झाली. मग इंदूला उजव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशा लावल्या, म्हणजे तिचा चांगला हात मोकळा राहील आणि खालचं दिसेल.

"आता काय लागेल ते सांग," मी म्हणालो.

"फडकी. दोरा... उकळ. कात्री पण."

"बरं."

"हात धू. कोपरापत्तर. नखं काढ."

मी नखं काढली. माझे हात असे, की गेटची लोखंडी चाकं फिरवून फिरवून तळव्यांचं कातडं म्हशीसारखं झालेलं. या हातांनी मी कधी कुणाचं बाळंतपण केलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. शैला झाली तेव्हा मी धरणावर होतो, पूर आलेला, दरवाजे सोडून येता येत नव्हतं. आलो तेव्हा मूल न्हाऊन-माखून कपड्यात गुंडाळलेलं होतं आणि इंदू चहा पीत बसली होती. बाळंतपण म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

बुंदीला कळा सुरू झाल्या. पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, पाय ताणले जायचे, आणि ती मान वळवून आपल्याच पाठीमागं बघायची, जणू तिकडून कुणी तिला मारतंय. मग एकदम काळसर, चकाकणारी पिशवी लुगड्यावर पडली. बुंदी दचकून उठली आणि त्या पिशवीपासून लांब, भिंतीला जाऊन चिकटली. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं. मलाही नाही. मी उकळलेली कात्री हातात धरून नुसता उभा.

"फाड!" इंदू ओरडली.

"काय?"

"पिशवी! नाकापाशी... फाड!"

लग्न झाल्यापासून तिनं मला कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. झटक्यानंतरही काही मागायचं तर शेवटच्या 'द्या'साठी ती थांबून जोर गोळा करायची. त्या दिवशी तिला तेवढा वेळ नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो आणि बोटांनी ती पिशवी ताणली. दुधावरच्या सायीसारखी ती फाटली. आत उंदराएवढं काहीतरी, गार आणि बुळबुळीत.

"तोंड पूस. उलटं धर. डोकं खाली."

"पडेल गं!"

"न्हाई पडत. आता चोळ. पाठ... चोळ. जोरात!"

"मोडेल की."

"चोळ!"

मी फडक्यानं चोळायला लागलो. आणि माझ्या मुठीत त्या पिल्लानं आळस दिल्यासारखं अंग ताणलं, तोंड उघडलं आणि ते चिरकलं. मी इंदूकडं बघितलं. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. किती महिन्यांनी.

तिनं सांगितलं तशी मी नाळ दोऱ्यानं बांधली, कापली, आणि पिल्लू बुंदीच्या नाकाजवळ नेलं. तिनं आधी मान मागं घेतली. मग हुंगलं. मग एकदा चाटलं, आणि एकदा चाटल्यावर थांबेच ना. दुसऱ्या पिल्लाची पिशवी तिनं स्वतःच फाडली, नाळही स्वतःच तोडली. मी नुसता बघत बसलो.

"शिकली," इंदू म्हणाली.

"आईला शिकवावं लागत नाही म्हणतात, ते काही खरं नाही," मी म्हणालो.

"लागतं. समद्यास्नी... लागतं."

खालून ढोलांचा आवाज येत होता. मी घाणेरडी फडकी बादलीत टाकली, चुलीवरचं पाणी बदललं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी त्या घरात काहीतरी धड होत होतं. इंदूला म्हणालो, "उद्या शैलाला दाखवू." तिचं लक्ष बुंदीकडं होतं.

बुंदी परत जोर करत होती. पोट घट्ट व्हायचं, ती कण्हायची, पाय लाकडासारखे ताठ करायची, आणि काहीच यायचं नाही. पुन्हा तेच. पिल्लं आंधळेपणानं तिच्या पोटाशी ढुसण्या देत होती, तिचं ध्यान नव्हतं. खाली लाऊडस्पीकरवर एकामागून एक गाणी होत राहिली. मग पोत्यावर हिरवट पाणी आलं.

"असलं पाणी आलं गं," मी म्हणालो.

इंदूच्या कपाळाला आठी पडली. "फोन कर."

मी तालुक्याच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या कंपाउंडरनं उचलला. मागं भांड्यांचे आवाज. दवाखान्यातच जेवणावळ चाललेली असावी.

"डॉक्टरसाहेब पाहुण्याकडं गेलेत जी म्हाईला. तुम्ही कुत्री घेऊन या इकडं, मी निरोप धाडतो."

"घरात माणूस आजारी आहे. गाडी पण नाही."

"मग उद्या सकाळी बघू की."

जीपवाल्या बापूला फोन केला, तर त्याची बायको म्हणाली, "गाडी हाय वो दारात. पर ह्येंनी सकाळपासनं घेटलीया. गाडी चालवायच्या लायकीचं न्हाईत."

मी फोन ठेवला. माझी स्कूटर होती. पोत्यात बुंदीला घालून पायाशी ठेवून नेता आली असती. इंदूनं माझ्या मनातलं ओळखलं.

"जा," ती म्हणाली.

"आणि तू? हौसा नाही, कुणी नाही. ठसका लागला तर?"

"लागू दे. जा."

"नाही जात."

तिनं माझ्याकडं क्षणभर रागानं बघितलं. मग डोळे मिटले, उघडले. "मग हात धू परत. तेल घे. दोन बोटं."

मी खोबरेल घेतलं. बुंदीच्या शेपटीखाली बोटं घातली. आत गरम होतं आणि सगळीकडून आवळल्यासारखं.

"काय लागतंय?"

"बारीक काहीतरी... शेपूट असेल. आणि एक पाय."

"दुसरा?"

"नाही लागत."

"आत... दुमडलाय." इंदू धापा टाकत होती, तीही बुंदीसारखीच. "कळ नसंल तवा... आत सरकव. मग पाय सोडव. बोटाची... आकडी."

"मला नाही जमणार, इंदू. हात बघ माझे."

"माझं चालत न्हाईत," ती म्हणाली. "तुझंच हाईत."

कळ ओसरली तसं मी ते कोवळं अंग आत सरकवलं. बुंदी किंचाळली. तिनं वळून माझं मनगट दातांत धरलं. चावली नाही. नुसतं धरून ठेवलं, आणि तिच्या दातांची थरथर माझ्या हाडापर्यंत पोचत होती. मला बोटाच्या टोकाला तो दुसरा पाय लागला, निसटला, पुन्हा लागला. मी आकडी केली आणि सोडवून आणला.

"आता थांब. कळ यीऊ दे. ओढू नगंस. तिच्या संगं... तिच्या संगं."

कळ आली. मी तिच्याबरोबर खाली घेतलं. पुन्हा कळ, पुन्हा खाली. आणि ते पिल्लू बाहेर आलं, आधीच्या दोघांपेक्षा मोठं, पूर्ण ठिपक्यांचं. मी पिशवी फाडली, तोंड पुसलं, उलटं धरलं, चोळायला लागलो. त्याची मान इकडून तिकडं लोंबत होती. मी चोळतच राहिलो.

"बास," इंदू म्हणाली.

"हलेल. पहिलं पण असंच गार होतं."

"बास. गेलंय ते."

"थोडं अजून..."

"अहो." बऱ्याच वेळानं तिनं तो शब्द काढला होता. "गेलंय. झाका."

मी ते फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. वळून बघतो तर पोत्यावर रक्त. आधीही रक्त होतं, पण हे वेगळं होतं. लाल, पातळ, न थांबणारं. लुगडं भिजून ते फरशीवर आलं आणि कॉटच्या पायाशी साचायला लागलं. मी फडकी दाबली. भिजली. दुसरी दाबली. बुंदीनं माझं मनगट केव्हा सोडलं ते मला कळलंही नव्हतं. ती आता लांब पसरून पडली होती.

"हिरड्या बघ," इंदू म्हणाली.

मी बुंदीचा ओठ वर केला. "पांढऱ्या आहेत."

इंदूनं डावा हात खाली सोडला. तो बुंदीपर्यंत पोचत नव्हता.

मी उठलो. गूळ-पाणी केलं, तेच वाडगं, तोच चमचा घेऊन आलो. बुंदीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली. मी पुन्हा नेला. तिनं दात घट्ट मिटले. मग मी डाव्या हातानं तिचा जबडा दोन्ही बाजूंनी दाबला, फट पडली, तिच्यातून चमचा आत घातला आणि तोंड वर धरलं. गूळ-पाणी सगळं बाहेर आलं. तिला खोकला आला, त्या खोकल्याबरोबर खालून रक्त आलं. मी दुसरा चमचा भरला.

"नको," इंदू म्हणाली.

"काहीतरी पोटात जायला पाहिजे. ताकद आली तर थांबेल."

"न्हाई थांबत ते. आत फाटलंय."

"म्हणून काय बघत बसू? प्यायली नाही तर मरेल ती!"

"मरणारच हाय."

मी चमचा आत घातलाच. बुंदीनं डोळे मिटून घेतले. गच्च.

"सोड तोंड तिचं!" इंदू ओरडली. तेवढ्या मोठ्यानं ती महिनोन्‌महिने बोलली नव्हती. त्या जोरानं तिचं सगळं अंग उशीवरून सरकलं. "सोड! नको म्हनतीया ती. सारखी नको म्हनतीया. दिसत न्हाई?"

माझा हात तिथंच थांबला. बुंदीच्या गालांवर माझी दोन्हीकडची बोटं होती, तिच्या मिशांना गुळाचा चिकटा लागलेला. वर इंदूच्या गळ्यावर दुपारच्या पेजेचा ओघळ वाळला होता; तो पुसायचा राहून गेला होता. मी एकीकडून दुसरीकडं बघितलं. इंदू माझ्याकडंच बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण नजर हलत नव्हती.

मी चमचा वाडग्यात ठेवला.

"मग करू काय?" मी विचारलं.

"पिल्लं लाव तिला. ऊब हाय तवर पिऊ देत. पयलं दूध... लागतं त्येंना. आन् तू बस. हात ठेव डोक्यावर."

मी दोन्ही पिल्लं बुंदीच्या सडांना लावली. ती चोखायला लागली, इवल्या पंजांनी तिचं पोट दाबत. बुंदीनं एकदा मान उचलायचा प्रयत्न केला, त्यांच्याकडं बघायला, आणि तिला ती झेपली नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो. तिचा श्वास लांबत गेला. एक यायचा, मग वाटायचं संपलं, मग दुसरा यायचा. खाली देवीची पालखी निघाली असावी, ढोल एकदम वाढले. ते ऐन भरात असताना मला जाणवलं की हाताखाली काही हलत नाही. पिल्लं पीतच होती.

"इंदू," मी म्हणालो.

"माझ्याकडं दे त्यांस्नी."

मी पिल्लं काढली. ती सड सोडत नव्हती, बोट घालून सोडवावी लागली. इंदूच्या पोलक्याची वरची बटणं काढून ती तिच्या छातीशी ठेवली. तिनं चांगला हात त्यांच्यावर पांघरला. पिल्लं थोडा वेळ शोधत राहिली आणि मग गप्प झाली.

मी खाली जमिनीवर बसलो होतो, रक्तात. खूप वेळानं मी विचारलं. तोंड तिच्याकडं करायचा मला धीर नव्हता, कोपऱ्यातल्या त्या गुंडाळीकडं बघत विचारलं.

"उद्या जायचं का तुला? नळी घालायला?"

"नाही," इंदू म्हणाली.

"आणि हे... मी भरवतो ते?"

"नाही."

एवढंच. दोन्ही शब्द तिनं स्वच्छ उच्चारले, एकही अक्षर न ओढता.

हौसाबाई रस्स्याचा डबा घेऊन आली तेव्हा मी मागं पेरूच्या झाडाखाली खड्डा खणत होतो. घरात डोकावून तिनं फरशी बघितली, तोंडाला पदर लावला आणि मग काही न विचारता पदर खोचून पाणी ओतायला लागली. बुंदीला आणि त्या ठिपक्यांच्या पिल्लाला मी एकाच खड्ड्यात ठेवलं. हात धुऊन आत आलो आणि शैलाला फोन केला.

"गाडी पाठवू नकोस," मी म्हणालो. "आई नको म्हणतेय."

"आई म्हणतेय? आईला धड बोलता तरी येतं का अण्णा?"

"येतं."

"तुम्ही दमलायत. मला कळतं. पण म्हणून तुम्ही तिला उपाशी मारणार?"

दुसऱ्या दिवशी गाडी आली. शैला तिच्यातून उतरली, सरळ कॉटपाशी गेली. "आई, तू सांग मला. जायचं ना आपण?" इंदूनं लेकीकडं बघितलं, तिच्या गालाला हात लावला, आणि डोळे मिटून घेतले. मला जे सांगितलं ते तिला लेकीला सांगता आलं नाही. शैला माझ्याकडं वळून म्हणाली, "कुठं काय म्हणतेय ती?" मी दारात आडवा उभा राहिलो. आयुष्यात पोरीचा शब्द मोडला नव्हता, त्या दिवशी मोडला; स्ट्रेचरवाल्या दोघांना मी आत येऊ दिलं नाही. गाडी रिकामी गेली. शैलाही तिच्यातूनच गेली.

त्यानंतरचे दिवस सोपे होते असं मी कुणाला सांगणार नाही. मी प्रत्येक वेळी विचारायचो, "देऊ का?" कधी ती दोन चमचे ताक घ्यायची. बहुतेक वेळा मान हलवायची, आणि मी वाडगं परत न्यायचो. ते परत नेणं भरवण्यापेक्षा कितीतरी जड होतं. तिच्या पाठीला जखमा झाल्या. ओठ फुटले, ते मी ओल्या कापसानं पुसायचो. एक पिल्लू चार दिवसांत गेलं. दुसरं हौसाबाईच्या शेळीच्या दुधावर जगलं, इंदूच्या कुशीत झोपायचं, तिच्या बोटाला चोखत. पाडव्याच्या आधी एका सकाळी इंदू गेली. शैला अंत्यविधीला आली, माझ्याशी न बोलता परतली. पिल्लू मी हौसाबाईला देऊन टाकलं.

शैला माझ्याशी पुढं कितीतरी वर्षं बोलली नाही. दिवाळीला जावयाचा फोन यायचा, तो म्हणायचा, "तीही बरी आहे." तेवढ्यावर मी भागवायचो.

मग परवाच्या उन्हाळ्यात एक दिवस ती एकटीच एसटीनं आली. केस पांढरे झालेले. तिच्या सासूबाई कोल्हापुरात दवाखान्यात होत्या. नाकात नळी, घशात नळी, हात कॉटला बांधलेले, कारण त्या नळ्या उपसून काढत होत्या. हे सगळं तिनं दारातच सांगितलं, चप्पल न काढता. मी तिला बसवलं, चहा टाकला.

"अण्णा," ती म्हणाली, "आई त्या दिवशी नक्की काय म्हणाली होती?"

"नाही म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

"पण असं आपण होऊन कशी म्हणाली? काहीतरी विषय निघाला असेल ना?"

"आपण होऊन नाही म्हणाली. मी विचारलं, जायचं का तुला. मग म्हणाली."

शैला कपाकडं बघत राहिली. चहावर साय धरली.

"आम्ही कुणी त्यांना विचारलंच नाही," ती म्हणाली. मग तिनं घड्याळ बघितलं, पर्स उचलली, आणि चहा तसाच ठेवून परतीची बस गाठायला उठली.